वड्याच्या तेलावरचा टेम्पो

खंडेनवमीच्या संध्याकाळी हिराबायच्या टेम्पोची टाकी मी भरली होती. बाबीनं नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि माझी बायको अशी की तिच्यापासून मला साधा खोकला लपवता येत नाही.

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. "तुमचा तो बटाटेवड्याचा वास मारणारा टेम्पो, त्यावर काहीतरी गमतीदार लिहा," असं ते म्हणाले. लिहितो. गंमत होतीच, पोटभर होती. आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात तेव्हा वारं शिरलं होतं. पण त्या गमतीत एका माणसाचं काम गेलं, नाव गेलं, आणि ते माझ्यामुळं गेलं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधे हसता हसता मला पळवाट काढता येणार नाही.

मी गिरणीतला. म्हणजे पुरता गिरणीतलाही नाही. वडील साच्यावर, म्हणजे मागावर, आणि मी रंगखात्याच्या लॅबोरेटरीत बाटल्या धुणारा. वर्षभरात बाटल्या धुता धुता मोजमाप शिकलो. कॉस्टिक सोडा किती, पाणी किती, कपड्याला झळाळी कधी येते आणि कपडा कधी जळतो, हे सगळं हाताला कळायला लागलं आणि संप झाला. मी बावीस वर्षांचा होतो. बाबी माझ्याच वयाचा, डिलाईल रोडला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर राहणारा, मालवणी. तोही साच्यावर नुकताच लागला होता. पुढं गिरणी गेली, भोंगा गेला, पण संप मागे घेतला असं आम्हांला कुणी येऊन सांगितलं नाही. त्यामुळे बाबी कायम म्हणायचा, "दिगू, आपण अजून संपावरच आसंव. कामावर नाय म्हणान कोण इचारल्यान तर तसाच सांगूचा."

संपात आम्ही दोघांनी साबण केला. खाणावळीतलं जळकं तेल, माझ्या ओळखीनं मिळालेलं कॉस्टिक आणि नळाचं पाणी. गॅलरीत पिंप, पिंपात बाबीचा हात, हातात वल्ह्याएवढा लाकडी दांडा. साबण पिवळाधमक व्हायचा, मळही काढायचा, फक्त त्याला कांदाभज्यांचा वास यायचा. दोरीवर कपडे वाळत पडले की कावळे जमायचे. एका बाईनं तक्रार केली की नवऱ्याचा सदरा शेजारच्या मांजरीनं चाटून चाटून फाडला. आम्ही तिला अर्धी वडी फुकट दिली.

मग पोटासाठी वाटा फुटल्या. बाबी ड्रायव्हिंग शिकला. मी प्रिन्सेस स्ट्रीटजवळच्या एका केमिकलच्या दुकानात काउंटरला लागलो आणि तिथं वीस वर्षं काढली. रोज कुणीतरी यायचं, चिठ्ठी पुढं करायचं, मी बाटली काढून द्यायचो. एके दिवशी एक तरुण प्राध्यापक आले. त्यांच्या चिठ्ठीवर मेथॅनॉल आणि कॉस्टिक दोन्ही होतं. मी सवयीनं विचारलं, "कशाला हवंय सर?" ते म्हणाले, "तळलेल्या तेलाचं डिझेल करायचंय."

मी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि चहा निवेपर्यंत सगळं काढून घेतलं.

गोष्ट एवढीच होती. तेलात कॉस्टिक आणि पाणी घातलं की साबण होतो. पाण्याच्या जागी मेथॅनॉल घातलं की गाडीचं इंधन होतं. बस! म्हणजे वीस वर्षांपूर्वी गॅलरीत आम्ही दोघं इंधनाच्या दारापर्यंत जाऊन, कडी न वाजवता, साबणाच्या वड्या घेऊन परत आलो होतो. मी संध्याकाळी चाळीत पोचलो ते जवळजवळ पळतच. बाबी पायरीवर बसला होता.

"बाबी, भज्यांच्या तेलावर टेम्पो चालतो!"

"आणि ड्रायव्हर कशार चलतलो? चटणयेर?"

बाबी तेव्हा हिराबायचा टेम्पो चालवत होता. हिराबाय म्हणजे जुन्या कोळीवाड्यातली, पाच मासळीवाल्यांची म्होरकी. पाचजणींनी मिळून एक म्हातारा डिझेल टेम्पो घेतला होता. पहाटे धक्क्यावर जायचं, मासळी भरायची, डिलाईल रोडच्या बाजारात उतरवायची. नऊ वर्षं बाबी त्या टेम्पोवर. टेम्पोचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबी त्याला 'आजोबा' म्हणायचा.

मी हिराबायला समजावायला गेलो. ती पाटीमागं बसून सुरमईचे तुकडे करत होती. मी सांगितलं: बाय, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते, त्यात तेलाचा फवारा पडला की पेटतो. तेव्हा तेलही पेटेल. पण आपलं खायचं तेल फार जाड. त्याचा फवारा नीट उडत नाही, नळ्या तुंबतात. ते जाड का? तर तेलाच्या प्रत्येक कणात तीन लांब शेपट्या एका दांड्याला बांधलेल्या असतात. तो दांडा म्हणजे ग्लिसरीन. मेथॅनॉल येतं, एकेक शेपटी सोडवून घेतं, कॉस्टिक त्यात मध्यस्थी करतं. दांडा जड, तो तळाला बसतो. वर पातळ तेल उरतं. तेच बायोडिझेल.

हिराबायनं कोयता थांबवला. समोरच्या तुकड्यातला मधला काटा दोन बोटांनी ओढून काढला आणि माझ्यापुढं धरला.

"म्हंजे हो काटा काढाचा. एंजिनाच्या गल्यान अरकाला नको."

मी नंतर शाळा-कॉलेजांत या विषयावर पुष्कळ बोललो. याहून सोपं मला कधी सांगता आलं नाही. फळ्यावर सुरमई काढूनच सुरुवात करायचो.

शिवडीकडं एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात एक गाळा मिळाला. मी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली, मग पूर्ण सुट्टी घेतली, मग दुकानच सोडलं. पहिला घाणा आम्ही भाद्रपदात काढला. एकीकडं तेल गाळलं, तापवलं. दुसरीकडं मेथॅनॉलमध्ये कॉस्टिक विरघळवलं, दोन्ही एकत्र केलं, बाबीनं जुना दांडा फिरवला. तासाभरात पिंपात असं घट्ट, पिवळं, थुलथुलीत काहीतरी तयार झालं की दांडा त्यात सरळ उभा राहिला.

बाबीनं वाकून वास घेतला. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं मेथॅनॉलच्या वाफेनं.

"दिगू," तो म्हणाला, "वीस वर्सांनी परत साबू!"

आणि आम्ही दोघं त्या गाळ्यात, पिंपाला धरून, जमिनीवर बसून हसलो. पोटात कळा येईपर्यंत. पाण्यानं घात केला होता. वडे तळताना बटाट्याचं पाणी तेलात उतरतं, कॉस्टिकची बरणी पावसाळी हवेत ओल धरते. पाणी शिरलं की मध्यस्थ फितूर होतो आणि साबणाकडं जातो. तेव्हापासून तेल तापवून त्याची चडचड पुरती थांबेपर्यंत आम्ही पुढचं पाऊल टाकलं नाही. त्या घाण्याचा साबण अख्ख्या चाळीत वाटला. कावळे परत आले.

दुसरी भानगड कॉस्टिकच्या मापाची. तेल जितकं जास्त वेळा तळलेलं, तितकं ते आतून आंबट झालेलं, तितकं कॉस्टिक जास्त. कमी पडलं तर काटा निघत नाही, जास्त झालं तर पुन्हा साबण. म्हणून प्रत्येक डब्याची परीक्षा घ्यायची. लॅबोरेटरीत त्यासाठी रंग बदलणारं औषध असतं. ते संपलं तेव्हा मी घरातली हळद वापरली. चमचाभर तेल, थोडं स्पिरिट, चिमूटभर हळद, आणि कॉस्टिकचं पाणी थेंब थेंब सोडायचं. पिवळ्याचं लाल झालं की थेंब मोजायचे. हळदीचं कुंकू होतं ना, तेच. बायकोनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "लग्नात एवढी हळद लागली नव्हती तुम्हांला."

मेथॅनॉलबद्दल मात्र चेष्टा नाही. जात दारूची, पण ते विष आहे. प्यालं तर माणूस आंधळा होतो, मरतो, आणि आग तर टपूनच बसलेली असते. गाळ्याशेजारी दोन जुने बेवडे राहायचे. त्यांनी माझा ड्रम पहिल्या दिवशीच हेरला. मी त्यावर कवटी काढली, 'विष' लिहिलं, कुलूप लावलं. त्यातला एक मला हात जोडून म्हणाला, "साहेब, लिहितात तसं सगळेच." तेव्हा मी त्या दोघांना गाळ्यात कामाला घेतलं नाही, पण रोज सकाळी बोलावून चहा पाजायला लागलो. चहा प्यालेला माणूस निदान तासभर डोळ्यांपुढं राहतो.

तेल मिळवणं ही तर वेगळीच कला. गिरगावात एक प्रसिद्ध वडेवाले होते. मी विचारलं, "जळकं तेल द्याल का?" त्यांनी गल्ला बंद केला.

"आमच्याकडे तेल जळत नाही."

"मग उरलेलं?"

"आमच्याकडे उरत नाही."

"मग काळं झालेलं?"

"तुम्ही बाहेर व्हा."

मी चार दिवस रोज जाऊन वडा खाल्ला. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच बाजूला घेतलं. "कालचं तेल आहे थोडं," ते हळूच म्हणाले. 'कालचं' म्हणायचं, एवढाच तह झाला. पुढं चार वर्षं मी त्यांच्या मागच्या दारातून डांबरासारखं काळं 'कालचं' उचलत होतो.

आणि दादरचे ते निवृत्त गृहस्थ! डिझेल मोटार, पांढरीशुभ्र, आठवड्यातून दोनदा बाहेर काढायचे. पर्यावरणासाठी त्यांना माझं इंधन हवं होतं. सगळं ठरलं आणि निघताना त्यांनी विचारलं, "यात बोंबील तळलेलं तेल नसतं ना?"

मी म्हटलं, "काका, काटा निघाला, धुतलं, सुकवलं. आता रेणूला आठवतसुद्धा नाही की त्यात वडा तळला की बोंबील."

"रेणूला आठवत नसेल. माझ्या घरात आठवण ठेवणारं माणूस आहे."

त्यांच्यासाठी मी फक्त वड्याच्या तेलाचा वेगळा घाणा काढायचो आणि कॅनवर हिरवी पट्टी लावायचो. चतुर्थीला ते गाडी काढत नसत. साबुदाणावड्याच्या तेलाचं होईल का, असं त्यांनी एकदा फोनवर खरोखरच विचारलं.

पण आजोबांची पहिली फेरी! ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नऊ भाग डिझेल, एक भाग माझं, असं हिराबायनं ठरवून दिलं होतं. "हलू हलू. पोराला पयला घास देताव तसा." बाबीनं किल्ली फिरवली. आजोबा नेहमीसारखे खोकले, थांबले, विचारात पडल्यासारखे झाले, आणि सुरू झाले. धूर कमी. आवाज नरम. बाबी खिडकीतून ओरडला, "दिगू, गाडी खूश आसा रे!" मागं पाचजणी रिकाम्या पाट्यांवर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. आणि वास! एका भागाचाच, पण काय वास! लालबागच्या नाक्यावर सिग्नलला थांबलो तर आजूबाजूचे लोक नाक वर करून इकडंतिकडं बघायला लागले. एक पोलीस शिट्टी तोंडात धरून, डोळे मिटून नुसता उभा.

बाजारात एका गिऱ्हाईक बाईनं पापलेट उचललं, हुंगलं, खाली ठेवलं.

"काय गं हिराबाय, तळून आणलंस की काय?"

"पापलेट ताजा हाय गो! गाडी तललेली हाय!"

ते वाक्य आठवड्याभरात परळपर्यंत पोचलं. 'तळलेली गाडी' बघायला माणसं यायची. पोरं मागून धावायची. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी, हिराबाय आणि आजोबा. बाबी स्टिअरिंगवर होता, त्याचा फक्त कोपर आला. त्यानं तो कोपर कापून पाकिटात ठेवला आणि सगळ्यांना दाखवत फिरायचा, "ह्यो मी."

वीस वर्षं काउंटरमागं उभ्या असलेल्या माणसाचा फोटो आला की त्याचं काय होतं, ते माझं झालं. मी हवेत होतो.

दादरला एकाच्या शाळेच्या आठ बस होत्या. त्याचा निरोप आला: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात येतो, गाडी बघतो. आठ बस! मला झोप लागेना. आणि नऊ भाग डिझेल, एक भाग माझं, हे त्याला सांगायची मला लाज वाटायला लागली. दहा भाग माझं, असं सांगायचं होतं. एक थेंब डिझेल नाही. नुसता वडा!

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलं. बायोडिझेल चांगलं साफ करणारं आहे. जुन्या डिझेलच्या टाकीत वर्षानुवर्षं काळा चिकट थर साचलेला असतो. डिझेल त्याला हात लावत नाही. बायोडिझेल तो खरवडून काढतं. म्हणून जुन्या गाडीत ते थोडं थोडंच वाढवायचं आणि मधे मधे फिल्टर बदलायचा. थोडं घातलं तर थर थोडा थोडा सुटतो. एकदम भरलं तर सगळा एकदम सुटतो. हे मला माहीत होतं. प्राध्यापकांनी बजावून सांगितलं होतं. मीही लोकांना ऐटीत सांगायचो की आमचं तेल टाकीला आंघोळ घालतं.

खंडेनवमीला आम्ही गिरणीतली रीत पाळायचो. गिरणीत त्या दिवशी साचा पुसायचा, तेल द्यायचं, हत्यारं धुऊन पूजेला मांडायची. मांडली की दसरा उतरेपर्यंत उचलायची नाहीत. गिरणी गेली तरी बाबीनं ती रीत सोडली नव्हती. त्या संध्याकाळी गाळ्यात पाटावर त्याचे सगळे पाने, पक्कड, जॅक, माझा तराजू, हळदीची वाटी आणि साबणाच्या वेळचा लाकडी दांडा ओळीनं मांडलेला. कुंकू लावलेलं. बाबी झेंडू आणायला दादरला गेला होता. आजोबा बाहेर उभे. टाकी जवळजवळ रिकामी. दसऱ्याला मासळीला सुट्टी, डिझेल परवा पहाटे भरायचं ठरलं होतं.

मी कॅन उचलला. एकामागून एक. शेवटच्या थेंबापर्यंत टाकी भरली. नुसतं माझं. आणि भरता भरता मला स्पष्ट आठवलं: फिल्टर बदलायला हवा. नवा फिल्टर फळीवर होता. पाना पूजेत होता.

पाटासमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. हत्यार उचललं तर बाबी दुखावेल, विचारेल कशाला उचललंस, मग टाकीचं सांगावं लागेल, तो म्हणेल बायला विचारलंस का. मी मनाशी म्हटलं, दसरा उतरला की बदलू. परवा पहाटे बाबीच्या आधी येऊ. देवाच्या नावावर ढकलता आलं की माणूस किती हलका होतो! बाबी झेंडूच्या माळा घेऊन आला. आम्ही आजोबांना नवरदेवासारखं सजवलं. बाबीनं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला, आणि टाकीचं बोललो नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला उशीर झाला. दसऱ्याच्या श्रीखंडानं म्हणा किंवा आठ बसच्या स्वप्नांनी म्हणा, झोप लागली. मी गाळ्यात पोचलो तेव्हा आजोबा गेलेले. बाबीनं काटा बघितला होता, टाकी भरलेली दिसली. हिराबायनं दुसऱ्या कुणाकडून भरून घेतली असेल, असं त्याला वाटलं.

नवरात्र उठल्यानंतरचा पहिला मासळीबाजार म्हणजे काय असतं, हे गिरणगावाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. नऊ दिवस घराघरांत तवे उपाशी असतात. त्या सकाळी टेम्पो मासळीनं असा भरला होता की शेवटची पाटी एका बाईनं मांडीवर घेतली होती. आणि करी रोडच्या पुलाच्या बरोबर मध्यावर आजोबांनी एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि गप्प झाले.

बाजाराकडं निघालो होतो, वाटेतच मला बातमी कळली. मी धावत पोचलो तेव्हा मागं गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या. बाबी बॉनेटमध्ये डोकं घालून. ड्रायव्हरच्या आरशाला झेंडूची माळ. हिराबायनं एकदा पुलाकडं बघितलं, एकदा मासळीकडं, आणि टेम्पोचा मागचा फाळका खाली पाडला.

"गो पोरीन्नो, बाजार हतंच मांडा!"

पाच मिनिटांत करी रोडच्या पुलाचा मासळीबाजार झाला. कामावर निघालेले बाबूलोक पायरी चढता चढता थांबले. एकानं डब्याच्या पिशवीत सुरमई घेतली, डबा हातात घेतला. ज्या ट्रकवाल्यानं सगळ्यांत जास्त शिव्या घातल्या त्यालाच हिराबायनं बोंबलांचा वाटा बळंबळं विकला. पोलीस आला, वही काढली, मग वही खिशात ठेवली आणि विचारलं, "कोळंबी कशी दिली?" पाटीवर पाटी रिकामी होत होती. आम्ही चार धट्ट्याकट्ट्यांनी गाडी कडेला ढकलली तोवर दोनच पाट्या उरल्या होत्या. नऊ वाजायच्या आत सगळा माल खलास. हिराबाय फाळक्यावर बसून हसत सुटली. हसता हसता तिचा पदर सुटला, ती म्हणाली, "आयुष्यान असा धंदा नाय केला!" आणि मीही हसत होतो. देवाशपथ, मीही हसत होतो. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात गॅरेजचा मिस्त्री आला. त्यानं फिल्टर खोलला आणि वर धरला. आतून चिंचेच्या चटणीसारखा काळा चिखल गळत होता.

"बाय, इसमें झोल है. डिझेलमें किसीने कुछ मारा है."

हिराबायचं हसू थांबलं. त्या दिवसांत काही ड्रायव्हर डिझेल काढून विकायचे आणि टाकीत रॉकेल ओतायचे, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबी, हकडं बग. टाकी कोनी भरली?"

"माका म्हाईत नाय, बाय. माका वाटला तुमीच भरून घेतलात."

"मी? कवा?" तिनं बाकीच्या चौघींकडं बघितलं. चौघींनी माना हलवल्या. "रॉकेल मारलास?"

"आवशीशप्पत, मी काय्येक घालूक नाय."

मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "दिगू, तुज्या तेलानं असा व्हईल?"

पुलाच्या कठड्यापाशी एक माणूस उभा होता. पांढरा शर्ट, काखेत चामडी बॅग. आठ बसवाला. बाजारात गाडी मिळाली नाही म्हणून तो गर्दी बघत इथवर आला होता. तो ऐकत होता.

मी म्हणालो, "बाय, नऊ भाग डिझेल आणि एक भाग माझं, एवढ्यानं असं होणार नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. जाणत्या माणसाची साक्ष होती ती. बाबी माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. वाट बघितल्यासारखा, जणू माझं वाक्य अर्धंच झालंय आणि पुढचं अर्धं येणार आहे. मी मिस्त्रीच्या हातातल्या फिल्टरकडं बघत राहिलो.

हिराबाय बाबीकडं वळली. "मासलीचं काय नाय रं बाबी, ती इकली. पन नव वर्सं तुज्या भरवश्यावर आमी पाचजनी निजून धक्क्यावरून येत व्हतो." बाबीनं किल्ली काढली, आरशावरच्या झेंडूच्या माळेत अडकवली आणि पूल उतरून चालत गेला.

दुसऱ्या दिवशी मी टाकी धुऊन घेतली, फिल्टर बदलला, नऊ-एकचं माप परत सुरू केलं. आजोबा पुढं आणखी कितीतरी वर्षं सुरळीत चालले. आठ बस मिळाल्या. गाळ्याला दुसरा गाळा जोडला. व्याख्यानं झाली, शाल-नारळ झाले. मग मोठ्या लोकांना जळक्या तेलाची किंमत कळली, तेल महागलं, हॉटेलवाले 'कालचं' म्हणायचं सोडून भाव करायला लागले आणि माझं पिंप थंडावलं. आता मी दुसऱ्यांच्या तेलाची परीक्षा करून देतो. हळद अजून तीच वापरतो.

बाबीला धक्क्यावर पुन्हा कुणी गाडी दिली नाही. 'रॉकेल मारणारा' हे नाव त्याच्या आधी पोचायचं. महिनाभरानं तो गावी निघाला. मी एसटीवर सोडायला गेलो होतो. सामान टपावर चढलं, तो खिडकीत बसला, पाकिटातून तो कोपराचा फोटो काढला आणि मला दिला.

"दिगू," तो म्हणाला, "त्या दिवशी टाकयेचा झाकण मी उघडलंय. आत नुसतो वड्याचो वास येय होतो रे."

एवढंच. मग त्यानं मला नलूची, म्हणजे माझ्या बायकोची, तब्येत विचारली, आणि गाडी सुटली.

म्हणजे त्याला पुलावरच कळलं होतं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण आठ बसवाला त्यानंही बघितला होता. ते वाक्य माझं होतं, ते मी बोलावं म्हणून तो थांबला होता.

सात वर्षं झाली. दर मे महिन्यात त्याच्याकडून आमसुलांची पिशवी येते. माझी सोलकढी त्याच्याच आमसुलांची असते. हिराबाय अजून त्याच जागी बसते आणि मी दिसलो की शेजारणीला सांगते, "ह्याच्या तेलानं माजी गाडी कवाच बंद नाय पडली. ती त्या बाबीनं घालवली." मी पापलेट घेतो आणि घरी येतो.

हिराबायला वाचता येत नाही. त्यामुळे हा लेख छापून आला तरी माझी सुटका झाली असं होत नाही. मी बाबीचं एक वाक्य देणं लागतो. टाकी मी भरली होती. ते हिराबायच्या पाटीसमोर, बाजार भरलेला असताना, तिला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.